वहिनीने लंकेहून आणलेल्या विटा

दादाचा फोन आला तेव्हा मी अलिबागला माझ्या स्वयंपाकघरात पोह्यांवर झाकण ठेवत होते. दादा कधी फोन करत नाही. फोन वहिनीने करायचा आणि मागून त्याने "माझं पण विचारलंय म्हणून सांग" असं ओरडायचं, ही आमच्या घरची रीत. म्हणून त्याचा आवाज ऐकून मी आधी वैतागलेच. तो म्हणाला, "शैला, ही उठत नाही गं." मी म्हटलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "उठतच नाही. मी चहा करून ठेवलाय, बशी झाकून. उठतच नाही..." त्याला काय झालंय ते अजून उमगलं नव्हतं, किंवा उमगून घ्यायचं नव्हतं. मला मात्र चहाचं ऐकल्याबरोबर कळलं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात वहिनीच्या आधी उठून कोणी चहा केलेला नव्हता. मी गॅस बंद केला की नाही, तेही मला आठवत नाही. मिळेल त्या गाडीने मुरुडच्या वाटेला लागले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मालती. मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. सातबाऱ्यावर नाव दादाचं, पण वाडी चालवायची ती वहिनी. अंधार असतानाच उठायचं, पंप चालू करायचा, खांद्यावर कुदळ टाकून पाटाचं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवायचं, ते झालं की चूल, चहा आणि मग बाकीचं जग. काही वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या वादळात आमची निम्मी वाडी आडवी झाली. दादा ओटीवर डोक्याला हात लावून बसला होता आणि ही बाई पडलेल्या खोडांवरून उड्या मारत गावभर सुपारीची रोपं विचारत फिरत होती. ती रोपं तिने केळीच्या सावलीत पोरांसारखी वाढवली. यंदा त्यांना पहिल्यांदा सुपारी धरली. जायच्या आदल्या दिवशी तिने ती काढून घेतली, अंगणात वाळत घातली आणि संध्याकाळी म्हणाली, "आज पाठ भरून आलीय." दादाने तेल चोळून दिलं. पहाटे त्याला जाग आली तर ही अजून अंथरुणात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, दमलीय, झोपू दे. तो उठला, चुलीशी धडपडत चहा केला, तिचा कप झाकून ठेवला आणि ओटीवर जाऊन बसला. ऊन अंगणातल्या सुपारीवर आलं तरी तो तसाच बसून होता.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच्याही आधी गेल्या, झोपेतच; लवकर उठवायला गेला असतात तरी काही झालं नसतं. दादाने मान हलवली, पण त्यातलं एक अक्षर त्याच्या आत गेलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "मी म्हटलं झोपू दे. मी कशाला तसं म्हटलं?" लोकांनी काय बोलावं? ते म्हणायचे, पुण्यवान बाई, सुखाचं मरण आलं. झोपेत जायला पुण्य लागतं म्हणे. मग मागे उरलेल्याने काय पाप केलेलं असतं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण सुतकाच्या घरात तोंड सोडू नये म्हणून मी चहाचे कप उचलत राहिले.

तेराव्यानंतर माणसं पांगली. भाची मीनल, दादाची लेक, नाशिकला नोकरीवर परत गेली. तिने बाबांना चल म्हणून पुष्कळ विनवलं, पण दादा ओटीवरून हलला नाही. मी विमा कचेरीतून निवृत्त, एकटा जीव, मला कोण विचारतंय! मी राहिले. आणि मग मला दिसायला लागलं की दादा जगायचं एकेक काम बंद करत चाललाय. आधी दाढी. मग जेवण, पेजेचे दोन घोट घेतले की ताट सरकवायचा. आणि मग पंप. पंपाच्या खोलीला कुलूप घातलं आणि चावी बनियनच्या खिशात ठेवली. काशिनाथ, आमचा वाडीवरचा जुना गडी, मागच्या दाराशी येऊन मला म्हणाला, "ताई, सुपारीनं माना टाकल्यात. माड तरतील, पन सुपारी पान्याबिगर ऱ्हायची न्हाय. दादा चावी देत न्हायत. तुमी तरी सांगा." मी सांगितलं. दादा म्हणाला, "कोणासाठी?" इतकंच. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला मला उत्तर देता येतं. तो उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. त्या विहिरीची मला धास्ती बसली होती. तो तिकडे गेला की मी कढीपत्ता तोडायचं निमित्त काढायची. दोघांच्या घराला किती कढीपत्ता लागतो! झाड ओरबाडून निघालं, पण मला दुसरं निमित्त सुचायचं नाही.

अशात एका संध्याकाळी मी त्याला पेज वाढत होते. हातात करवंटीची पळी होती, लाकडी दांड्याची. दादा तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही पळी कुठली?" मी म्हटलं, "अरे, लंकेची." तो म्हणाला, "तिने कुठे घेतली ती?" आणि मी सांगायला लागले... सांगता सांगता बघते तर त्याने पेज संपवली होती, वर अर्धी भाकरी खाल्ली होती. मी श्वास रोखून पळी परत भांड्यात बुडवली.

आता लंकेचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी अलिबागच्या आम्हा ज्येष्ठ मंडळींचा एक गट श्रीलंकेला निघाला होता. डोंगर, धबधबे, चहाचे मळे, किनारे. फोटो बघूनच मी नाव घातलं. जोडीला कोणी नव्हतं म्हणून वहिनीला ओढलं. खरं तर दोघांना चला म्हणाले होते. दादा म्हणाला, "लंकेत सोन्याच्या विटा! आपल्याला काय त्याचं? तिथे पण माडच आणि समुद्रच. तो मला इथे ओटीवरून दिसतो." वहिनीने तोवर पाणी ओलांडून केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट, तीही माहेरी जायला. पण ती आली. आणि त्या देखण्या देशात तिने एकही देखावा धडपणे बघितला नाही. आम्ही सगळे धबधब्यासमोर फोटो काढत असायचो आणि ही धबधब्याकडे पाठ करून कुणाच्या तरी परसात डोकावत असायची. मी चिडायची. "वहिनी, अगं एवढे पैसे भरून आलो, वर बघ की जरा!" ती म्हणायची, "वन्सं, वर काय, पानीच पडतंय. हितं बगा, हितं ह्यांनी मिरीचा वेल कसा चढवलाय!" नवीन काही सापडलं की तिचा चेहरा उजळायचा. "ह्यांना सांगा, मला वीट सापडली!" म्हणायची. दादाची म्हण तिने अशी गाठीला बांधून आणली होती. सहलभर ती विटा वेचत होती, घरी जाऊन नवऱ्यापुढे रचायला.

घरी आल्यावर तिने सुरुवात केली, "अहो, तितं ना..." आणि दादा म्हणाला, "नंतर सांग. आधी पंप बघ, दोन दिवस घरघर करतोय." पुढे पुष्कळदा तिने तोंड उघडलं आणि पुष्कळदा ते नंतरवर गेलं. त्यात दादाचा दुष्टपणा नव्हता. आमच्याकडच्या बहुतेक नवऱ्यांना बायको उद्याही असणारच आहे असं वाटतं, तसंच त्यालाही वाटलं. मग तिने सांगणं सोडून दिलं. त्या सगळ्या विटा बघितलेली जिवंत माणसं आता दोनच उरली होती... छे, एकच. मी.

म्हणून रोज दिवेलागणीला मी त्याचं ताट वाढायची आणि एक वीट काढायची. पळीची सांगून झालीच होती: आमच्या आजोबांनी अशा पळ्या फुकट करून गावभर वाटल्या होत्या आणि हिने परदेशातून ती विकत आणली, का, तर "त्यांच्या दांड्याची खाच बगा, आपल्यापेक्षा बरी हाय, सुटायची न्हाय." दादा म्हणाला, "खाच बरी आहे खरी," आणि भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या दिवशी खवणीची सांगितली. किनाऱ्यावर आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. तिथल्या बाईला सगळे अक्का म्हणायचे, आणि त्यांच्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण, हे कळल्यावर वहिनीने सरळ तिच्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकला. तिथली खवणी आपल्यासारखीच, पाटावर बसून खवायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. अक्काने कोयत्याच्या पाठीने नारळ फोडला आणि पाणी जमिनीवर सांडू दिलं, तेव्हा वहिनीने झडप घालून खाली वाटी धरली. अक्का हसून हसून भिंतीला टेकली. मग तिने खवलेल्या खोबऱ्यात लाल मिरची आणि सुकी मासळी कुटून घातली. वहिनीने चाखलं आणि तिथूनच मला हाक मारली, "वन्सं, धावा! आपली जवळ्याची चटनी हितं आलीय!" हे ऐकताना दादा हसला. मिशीतल्या मिशीत, पण हसला. मी आत जाऊन पदराने डोळे पुसले आणि आणखी भात घेऊन बाहेर आले.

दोराची वीट सांगितली. तिकडे माडी काढणारे एका माडावर चढतात आणि खाली न उतरता, माडामाडांना बांधलेल्या दोरांवरून चालत दुसऱ्यावर जातात. आमचा गट ओरडत फोटो काढत होता आणि वहिनी मान वर करून एकटी पुटपुटत होती, "आपला मानूस सुपारीवर झोका घेऊन दुसरीवर जातो, ह्यांनी दोर बांधलाय. आपल्या काशिनाथाचे गुडगे वाचले असते." ही मी काशिनाथलाही सांगितली. तो म्हणाला, "वैनी तितं जाऊन माजे गुडगे आठवत व्हत्या?" आणि डोक्याचा रुमाल तोंडावर धरून वाडीत निघून गेला.

सोडणांची वीट दादाला अर्धी ठाऊक होती, कारण तिच्यापायी घरात महाभारत झालं होतं. आमच्याकडे नारळ सोलला की काथ्याची सोडणं बंबात जातात, अंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापतं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तिकडे वहिनीने बघितलं की ते लोक झाडाभोवती चर खणून सोडणं थरांनी पुरतात. ती पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात मुळांना देतात. झालं! परत आल्यावर हिने बंबाची सोडणं बंद केली. दादा अंघोळीला ओरडायचा, "माझं गरम पाणी लंकेला गेलं का?" आणि तिची पाठ वळली की ढिगातली चार सोडणं पळवून बंबात घालायचा. वाडीच्या विहिरीकडच्या बाजूला, सुपारीच्या चार ओळींना, तिने आणि काशिनाथने असे चर भरले होते. ही वीट मी मुद्दाम रंगवून सांगितली, म्हटलं निदान हिच्यामुळे तरी त्याला पंप आठवेल. तो म्हणाला, "मी चोरायचो हे तिला ठाऊक होतं का गं?" मी म्हटलं, "ती रोज ढीग मोजायची, दादा." त्याने ताटातला भात कालवला, खाल्ला, आणि चावी मात्र खिशातच राहिली.

आठवड्याभराची सहल ती. त्यात अशा विटा असून असून किती असणार? मी रात्रंदिवस आठवत राहायची. भांडी घासताना, केर काढताना, देवापुढे हात जोडूनसुद्धा माझ्या डोक्यात तेच, वहिनीने आणखी काय बघितलं, आणखी काय म्हणाली. नारिंगी रंगाचे नारळ झाले, त्यांच्या शेवया आणि आपल्या शेवया झाल्या, नदीत डुंबणारे हत्ती बघून "केवढं हे शेन, वाडीला किती झालं असतं" म्हणाली तेही झालं. मी जुनीच वीट जरा फिरवून सांगायला गेले की दादा म्हणायचा, "हे सांगितलंस." जन्मात ज्याने तिचं ऐकलं नाही, त्याला आता शब्दन्‌शब्द पाठ होता. कणगीच्या तळाला हात लागलेली बाई जशी उरलेले दाणे मोजते, तशी मी रोज ताट वाढताना उरलेल्या विटा मोजायची. खरं सांगायचं तर एक वीट शिल्लक होती. तिची सगळ्यात आवडती. पण ती सांगायची नाही, असा तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. आणि मलाही वाटायचं, ही सांगितली तर दादा उरलासुरलाही उरणार नाही.

मग मी खोटी वीट घडवली. म्हटलं, दादा, तुला सांगायचं राहिलं, त्या हत्तींच्या नदीवर वहिनी साडी वर खोचून पाण्यात उतरली, गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि तिने हत्तीच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं फार छान जमलंय. दादाचा घास हातातच राहिला. "मालती पाण्यात उतरली?" तो म्हणाला. "अगं, दर विसर्जनाला मी पाण्यातून हाका मारायचो, ये म्हणून. घोट्याच्या पुढे कधी आली नाही ती. किनाऱ्यावर जन्म गेला, पण तिला पाण्याचं भय होतं. आणि ती हत्तीसाठी उतरली?" मी काहीतरी बोलायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "खोटं सांगायला लागलीस तू." मग ताट सरकवत म्हणाला, "म्हणजे आधीचं पण खोटंच असेल सगळं."

हे त्याने रागावून म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. तो दमलेल्या आवाजात म्हणाला. एका खोटेपणापायी मी तिच्या साऱ्या विटा मातीत घातल्या होत्या. पळी, खवणी, अक्का, चटणी, दोर, सगळं एका क्षणात माझ्या पदरची कहाणी होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पेजही नको म्हणाला. मी त्याचे पाय धरले, शपथा घेतल्या, मीनलला फोन लावून दिला. तो फोनवर "हो हो" म्हणाला आणि परत विहिरीकडे गेला. काशिनाथ सांगायला आला की वरच्या ओळींची सुपारी पिवळी पडली, सोडणांच्या चार ओळी तेवढ्या अजून तग धरून आहेत. मी त्याच्यावरच खेकसले, "मला काय सांगतोस? मी काय पाणी होऊन वाहू?" तो बिचारा मान खाली घालून गेला. मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि देवाला नाही, वहिनीला शिव्या घातल्या. म्हटलं, तू गेलीस सुखाने, आणि हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेलीस. हे मी असं नाव घेऊन, मोठ्याने म्हटलं. घरात ऐकायला होतं कोण!

संध्याकाळी दादा ओटीवर नेहमीचं बोलत होता. माझ्याशी नाही, अंगणाशी. "मी म्हटलं झोपू दे. उठवलं असतं तर... मी कशाला म्हटलं झोपू दे?" आणि मी दारात उभी होते, हातात न खाल्लेलं ताट, आणि मला एकदम उमगलं. जी वीट मी त्याच्यापासून जिवापाड लपवत होते, तीच तर तो इतके दिवस मागत होता! त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असून कळलं नव्हतं. मी ताट खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "दादा, एक राहिलंय. ते सांगू नको म्हणाली होती. ऐकून तुला वाईट वाटेल. पण हे खोटं नाही."

डोंगरात, चहाच्या मळ्यांत आम्ही दोन दिवस होतो. सकाळी सगळ्यांना कुठलंसं उंच टोक बघायला न्यायचं होतं. तिथून म्हणे अर्धा देश दिसतो. सहलीचा माणूस दार ठोठावायला आला तेव्हा मी तयार होते आणि वहिनी गाढ झोपलेली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी दार किलकिलं करून सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, आम्ही येत नाही. मग खिडकीशी बसून राहिले. धुकं वर गेलं, मळे हिरवेगार उघडे पडले, ऊन तिच्या अंगावर आलं, तेव्हा ती ताडकन उठून बसली आणि ओरडली, "पंप!" मी हसले. ती भांबावून इकडेतिकडे बघत होती. "मला कोनी हाक न्हाय मारली?" मी म्हटलं, "नाही." "तुमी पन न्हाय?" "नाही गं." तर ती परत आडवी झाली, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, आधी हसली आणि मग रडायला लागली. म्हणाली, "वन्सं, ही माजी सगळ्यात मोठी वीट. जाग येईपरेंत झोपायचं, कोनी उठवायचं न्हाय. लग्न झाल्यापासनं वाटायचं, एकदा तरी असं व्हावं, आपल्या घरात व्हावं." मग डोळे पुसून म्हणाली, "पन ह्यांना सांगू नका हां. त्यांना वाटंल आपनच हिला झोपू देत न्हवतो. ते कदी उठवत न्हाईत ओ. पानी उठवतं."

मी सांगून थांबले. दादा अंगणाकडे बघत होता. मला वाटलं, संपलं, मीच मारलं त्याला. मग त्याने विचारलं, "कशी झोपली होती?" मी म्हटलं, "कशी म्हणजे?" "कशी, कुठल्या कुशीवर?" मी म्हटलं, "भिंतीकडे तोंड करून. उजवा हात गालाखाली." दादाने डोळे मिटले. "तशीच होती," म्हणाला. "त्या दिवशी. तशीच..." आणि मग तो रडला. इतक्या आठवड्यांत तो एकदाही रडला नव्हता. पासष्टी उलटलेला माणूस लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या रात्री तो जेवला नाहीच. मीही नाही. "आपल्या घरात व्हावं म्हणाली?" एवढंच त्याने एकदा विचारलं, आणि मी हो म्हटलं.

मी केव्हा झोपले मला कळलं नाही. जाग आली ती ऊन तोंडावर आल्यावर. त्या घरातच काय, निवृत्त झाल्यापासून माझ्या घरीसुद्धा इतक्या उशिरापर्यंत मी कधी झोपले नव्हते. घर चिडीचूप होतं. दादाचं अंथरूण रिकामं, घडी घातलेलं. ओटीवर तो नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे विहीर आली. मी अनवाणी धावत सुटले. मनात एकच, मी कशाला झोपले, मी कशाला झोपले... केळीच्या वळणावर पाय घसरला आणि घोट्यापर्यंत गार झालं. खाली बघितलं. पाटात पाणी होतं. सुपारीच्या पानांच्या वाळक्या विऱ्या, चार-दोन सुपाऱ्या वाहत चालल्या होत्या. मग विहिरीकडून पंपाची ती जुनी घरघर कानावर आली.

दादा सुपारीच्या वरच्या ओळीत उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात वहिनीची कुदळ. त्याला ते काम येत नाही. माती चुकीच्या बाजूला ओढत होता आणि निम्मं पाणी वाटेवर जात होतं. त्यातली किती झाडं वाचतील ते काशिनाथही सांगू शकत नाही, काही तर गेलीच आहेत. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, चिखलाचे पाय, छाती धपापतेय अशी मी.

"उठलीस?" तो म्हणाला. "चहा केलाय. म्हटलं, झोपू दे."

मी परत घरात आले. चुलीच्या कडेला कप होता, बशी झाकलेला. चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती. मी तो तसाच प्यायले.